दीडशे शिपाई आणि तोंडावर आलेली दिवाळी

काकू, नमस्कार.

मी 27 वर्षांचा, ग्वाल्हेरच्या कंपू भागात राहतो, घरी बसूनच एका कंपनीचं काम करतो. पुण्याचा आतेभाऊ आणि मी ठरवलंय की या दिवाळीत टेबलावर असईची लढाई खेळायची. तो इंग्रज, मी शिंदे. गेल्या दिवाळीनंतर मी 28 मिलिमीटर उंचीच्या, धातूच्या शिपायांच्या दीडशे फिगर मागवल्या. आतापर्यंत रंगवून झाल्यात 14. आतेभाऊ दर रविवारी त्याच्या हायलँडर्सचे फोटो पाठवतो, त्यांत डोळ्यांची बुबुळंसुद्धा दिसतात. माझं अडलंय ते असं: शिंद्यांच्या पलटणींचा नेमका गणवेश कुठे मिळतच नाही, जो तो वेगळंच सांगतो. पांढरा रंग खडू फासल्यासारखा दिसतो. मागच्या आठवड्यात वार्निशचा स्प्रे मारला, तर चौदाही जणांवर पांढरं धुकं बसलं. वरून आजी म्हणते, "एवढा घोडा झालास आणि जेवायच्या टेबलावर बाहुल्या रंगवत बसतोस." पैसे देऊन कुणाकडून तरी रंगवून घेऊ, की सगळं विकून मोकळा होऊ?

– अर्धवट लष्करवाला, ग्वाल्हेर

*

चि. लष्करवाल्यास अनेक आशीर्वाद.

आधी त्या चौदा जणांवरचं धुकं उतरवू, मग लढाईचं बघू. तू स्प्रे मारलास तो दिवस कसा होता हे मला इथे बसून सांगता येतं: आभाळ गच्च, भिंतींना ओल, दोरीवरचे कपडे दोन दिवस झाले तरी दमट. मॅट वार्निश अशा हवेत मारलं की वाळता वाळता त्यात ओलावा अडकतो आणि थर पांढुरका होतो. खालचा रंग शाबूत आहे. एखादा कोरडा, उन्हाचा दिवस बघ. एकाच फिगरवर ब्रशने चकचकीत वार्निशचा पातळ हात दे आणि पूर्ण वाळू दे. बहुतेक वेळा धुकं तेवढ्यानेच विरतं. विरलं तर बाकीच्या तेरा जणांना तेच औषध, आणि चकाकी मारायला वरून मॅटचा हात, तोही ब्रशनेच.

पाऊस पुरता उघडेपर्यंत स्प्रेचे डबे कपाटात राहू देत, प्राइमरचे, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थराचेसुद्धा. आपल्या गावात स्प्रेला वर्षातले मोजकेच महिने मिळतात. श्रावण-भाद्रपदात ओल. मे-जूनच्या लूमध्ये तुषार फिगरपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतो आणि अंगावर रवाळ खर बसते. डिसेंबर-जानेवारीत धुकं हटायची वाट बघावी लागते. तेव्हा सध्या ब्रशने लावायचा प्राइमर आण आणि पातळ लाव. सप्टेंबरच्या अखेरीस आभाळ उघडलं की गच्चीवर सकाळच्या वेळी डबा काढ.

आता विकण्याचं. विकायचं नाही, पण दीडशेही रंगवायचे नाहीत. 23 सप्टेंबर 1803 ची असई पुरी मांडायची म्हटली तर शिंदे आणि नागपूरकर भोसले या दोघांचं घोडदळ, शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या युरोपीय सरदाराच्या हाताखालच्या शिकवलेल्या पलटणी, बेगम समरूच्या पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा. दोन भावांनी एका दिवाळीत उरकायचं ते काम नव्हे. पण या लढाईचा एक कोपरा असा आहे की तो वेगळा काढून खेळता येतो, आणि तो तुझ्या फायद्याचाही आहे.

इंग्रजांचा सेनापती वेलस्ली केळणा नदी ओलांडून बगलेवर आला, तेव्हा पोलमनने सगळी फळी वळवून केळणा आणि जुई या दोन नद्यांमध्ये उभी केली. त्या काळच्या कवायतीत एवढं मोठं सैन्य शत्रूच्या तोंडावर वळवणं ही साधी गोष्ट नव्हती. या फळीचं डावं टोक जुईकाठी असई गावाला टेकलेलं, आणि गावाभोवती तोफा. इंग्रजांच्या उजव्या अंगाची पिकेटं, म्हणजे पुढच्या चौकीच्या तुकड्या, कर्नल ऑरॉकच्या हुकमतीखाली हवी त्यापेक्षा जास्त उजवीकडे सरकली, थेट गावाच्या रोखाने, आणि त्यांच्या मागोमाग 74वी हायलँडर, म्हणजे स्कॉटिश, पलटणही तिकडेच गेली. गावातल्या तोफांनी त्यांना भाजून काढलं, वर मराठी स्वार येऊन पडले. मॅक्सवेलचं घोडदळ धावून आलं म्हणून ती पलटण नावापुरती तरी उरली. तुझा आतेभाऊ हायलँडर्सच रंगवतोय ना? मग त्याला याच कोपऱ्यात बोलाव. बुबुळांसकट येऊ दे.

या कोपऱ्याला तुला लागतील दोन पलटणी, प्रत्येकी अठरा शिपाई, बारा स्वार, चार तोफा आणि त्यांचे सोळा गोलंदाज. झाले चौसष्ट. त्यातले चौदा तयार आहेत. म्हणजे दिवाळीपर्यंत पन्नास जण रंगवायचे. रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास बसलास तर सहज होतात, पण एका अटीवर. आत्ता रंगवतोस तसं रंगवायचं नाही.

तू काय करतोस ते आकड्यावरूनच दिसतंय. एक शिपाई हातात घ्यायचा, त्याला टाचेपासून पगडीपर्यंत पुरा करायचा, मग दुसरा उचलायचा. गणपतीच्या कारखान्यात भाद्रपदाच्या तोंडावर एकदा जाऊन ये. तिथे कुणीही एक मूर्ती धरून बसत नाही. एक जण रांगेतल्या सगळ्या पितांबरांना पिवळा देत जातो, दुसरा सगळ्या शेल्यांना, तिसरा दागिन्यांना सोनेरी, आणि डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, मुख्य कारागिराच्या हातची. तू तसाच चाल, फक्त डोळ्यांच्या आधी थांब. मूर्तीत भक्त डोळ्यांकडे बघतो. 28 मिलिमीटरच्या शिपायाचे डोळे कुणी बघत नाही, आणि रंगवलेच तर टेबलावर सगळी पलटण भूत दिसल्यासारखी वटारून बघते. खोबणीत पातळ गडद तपकिरी उतरू दिला की डोळ्यांचं काम झालं. आतेभाऊ फोटो काढतो वीतभर अंतरावरून. खेळताना तुम्ही दोघं टेबलापासून तीन फूट दूर उभे असाल.

नऊ-नऊचे गट कर. बाटलीच्या झाकणांवर फेव्हिकॉलच्या थेंबाने उभे चिकटव, नंतर सहज सुटतात. एका रात्री एकच रंग, नऊही जणांना. हाताला सवय लागते, पाचव्या शिपायानंतर वेग दुप्पट होतो. सगळे मूळ रंग झाले की पातळ तपकिरी वॉश, खाचांमध्ये उतरेल असा. दुसऱ्या दिवशी उंचवट्यांवर मूळ रंगाचाच थोडा उजळ हात. तिसरा, चौथा हात द्यायचा मोह होईल. तो सरदाराच्या फिगरसाठी राखून ठेव.

आता गणवेश. माझ्या मते तू वर्षभर याच ठिकाणी अडकून पडला आहेस. शिंद्यांच्या फौजेत गणवेश असलेले आणि गणवेश नसलेले लोक एकाच मैदानात उभे होते, आणि दोघांना रंगवायची रीत वेगळी आहे. तू दोघांनाही एकाच रीतीने रंगवायला बघतोयस.

गणवेशवाले म्हणजे तेलंगे. महादजींनी 1784 मध्ये डी बॉईनला चाकरीत घेतलं, त्याने उभ्या केलेल्या या पलटणी. चापाची बंदूक, संगीन, अंगात लाल कोट, कवायत कंपनी सरकारच्या शिपायांसारखी. पाटण आणि मेडता या 1790 च्या दोन्ही लढाया याच पलटणींच्या जोरावर जिंकल्या. डी बॉईन मूळचा युरोपातल्या आल्प्सकडच्या सॅव्हॉयचा, त्याच्या पलटणींच्या निशाणावर सॅव्हॉयचा पांढरा क्रूस असायचा. असईच्या वेळी तो युरोपात परतून काही वर्षं झाली होती, तरी एका पलटणीच्या हाती मी ते निशाण देईन. टेबलावर फार उठून दिसतं. या तेलंग्यांना अगदी एकसारखं रंगव, इथे रांगेची रीत शंभर टक्के लागू.

पण एक अडचण येईल. समोरचे मद्रासी शिपाईही लाल कोटातच आहेत. भर लढाईत दोघांची सरमिसळ झाली की कोण कुणाचं हेच कळेनासं होतं. म्हणून फरक डोक्यावर आणि पायांत ठेव. मद्रासी शिपायाला कोटाखाली आखूड जांघिया असतो, तो आतेभावाकडे असेलच. तू आपल्या लोकांच्या पगड्या गडद निळ्या कर. ही निवड आहे, आणि ती तुझी तू करायची आहेस. ज्या पलटणीचं कापड छावणीच्या बाजारात खरेदी व्हायचं आणि फाटलं की तिथल्याच शिंप्याकडे शिवलं जायचं, तिच्या कोटाची नेमकी छटा शोधत वर्ष घालवणं म्हणजे दिवाळी हातची घालवणं. एकदा ठरव, कागदावर लिही, टेबलाशेजारी चिकटव आणि पुन्हा त्या विषयात डोकं घालू नकोस.

लाल मात्र नीट दे. त्या काळचा साध्या शिपायाचा लाल म्हणजे मंजिष्ठाचा लाल, किंचित विटकरीकडे झुकणारा, उन्हात फिका पडणारा. झगमगीत किरमिजी फक्त अंमलदारांच्या उंची कापडाला. राखाडी प्राइमरवर थेट लाल दिलास तर चार हात देऊनही खालचा राखाडी डोकावतो. आधी विटकरी तपकिरी दे, त्यावर लाल दोन हातांत बसतो. सावलीला काळा मिसळू नकोस, तपकिरी मिसळ. उजळायला पांढरा मिसळलास तर पलटण गुलाबी होईल. थोडा नारिंगी घे.

दुसरे नजीब. तोड्याची बंदूक, ढाल-तलवार, अंगावर देशी पोशाख. आणि तिसरे आपले स्वार. इथे गणवेश नव्हताच. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. कपडे ज्याचे त्याचे. तेव्हा बारा स्वार बारा तऱ्हांचे दिसले पाहिजेत, आणि तू त्यांचा "नेमका गणवेश" शोधतोयस!

पण बारा तऱ्हा म्हणजे डब्यातला प्रत्येक रंग नव्हे. पहिला कृत्रिम रंग 1856 मध्ये विलायतेत निघाला. त्याआधीचं सगळं कापड झाडापाल्याने, मुळांनी, मातीने, किड्यांनी रंगायचं. लाल आणि विटकरी मंजिष्ठाचा. निळा नीळेचा, अगदी आकाशीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत. पिवळा हळदीचा. गुलाबी आणि केशरी कुसुंब्याचा. हिरवा म्हणजे निळीवर पिवळा चढवलेला, म्हणून तो कधी पोपटी झळझळीत नसतो. काळपट हरडा आणि लोखंडाचा. भगवा गेरूचा, मातकट. आजकाल मिरवणुकीत दिसतो तो डोळ्यांवर येणारा नारिंगी नव्हे. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त, न रंगवलेलं सुती कापड. एवढे सात-आठ रंग बाटल्यांत तयार करून ठेव आणि बाकीच्या बाटल्या टेबलावरून उचल. मग फौज रंगीबेरंगी होऊनही एका काळातली दिसते. परदेशी फिगरवाल्यांच्या जाहिरातींत मराठा स्वार जांभळा आणि मोरपंखी दिसतो ना, त्यात काय खटकतं ते आता तुला कळेल.

रांगेची रीत इथेही सोडायची नाही, फक्त थोडी फिरवायची. निळा उघडलास की एकाची पगडी निळी कर, दुसऱ्याचा अंगरखा, तिसऱ्याचं खोगीर झाकणारं कापड, चौथ्याचा शेला. पाचव्याला निळा नाहीच. उद्या गेरू, परवा हळद. आठवड्यात बारा जण पुरे होतात आणि कुणी कुणासारखा होत नाही. ढाली सगळ्यांच्या काळ्या, कातडी, वर चार पितळी फुल्या. घोळका बांधलेला दिसायला तेवढं एक साम्य बास.

घोड्यांवर मात्र घाई करू नकोस. स्वार टेबलावर दिसतो त्यातला निम्म्याहून जास्त घोडाच असतो. कुमैताचं अंग तपकिरी, पण पाय, आयाळ आणि शेपूट काळी. नवखे लोक हेच विसरतात आणि घोडा लाकडी दिसतो. बारांत पाच-सहा कुमैत, दोन सुरंग (तांबूस), एक मुष्की (काळा), एक-दोन पांढुरके, एखादा अबलख (दुरंगी ठिपक्यांचा). एकच पंचकल्याणी ठेव, चारी पाय आणि कपाळ पांढरं, आणि तो सरदाराला दे.

पांढऱ्याबद्दल. खडूसारखा दिसतो कारण तू बाटलीतला शुद्ध पांढरा थेट, जाड लावतोयस. या रंगातली पूड जड असते, आणि ब्रशवर अर्धवट वाळलेला रंग पुढे ओढला की ती दाण्यादाण्याने बसते. शिवाय सुती अंगरखा, तोही महिनोन्महिने स्वारीत असलेल्या माणसाचा, इतका पांढरा कुठून असणार? फिका खाकी किंवा करडा-पिवळसर हा मूळ रंग घे. त्यावर साय असते तसा पांढुरका, दोन पातळ हातांत. शुद्ध पांढरा फक्त खांद्याच्या आणि पगडीच्या कडेला, टोकाने. पाणी बोअरचं वापरत असशील तर सोड, आरओचं घे. क्षारांचा पांढुरका थर गडद रंगांवर दिसतो. आणि स्टीलच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, असा ओला पॅलेट कर. रंग तासभर ओला राहतो. उन्हाळ्यात त्याच्याशिवाय इथे रंगकाम होतच नाही म्हण ना.

ब्रश तू नक्की 000 नंबरचा घेतला असशील. सगळे तोच घेतात. त्यात रंग मावतो थेंबभर, आणि तो फिगरपर्यंत नेता नेता वाळतो. एक चांगला, टोकदार, नैसर्गिक केसांचा 1 किंवा 2 नंबरचा घे; टोक चांगलं असेल तर बटणंही त्यानेच होतात. ड्रायब्रशला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, स्वस्तातला कुठलाही. बाहेरून मागवायचं असेल तर चांगला लाल, पितळी आणि तपकिरी वॉश एवढंच मागव. बाकीचे अॅक्रिलिक बाड्याजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. ट्यूबचा रंग दाट असतो, तेव्हा एका जाड हाताऐवजी दोन पातळ.

शरीराच्या रंगालाही एकच बाटली वापरू नकोस. 1803 मध्ये आपलं लष्कर शहर अजून वसायचं होतं, शिंद्यांचं मुख्य ठाणं उज्जैन होतं, आणि या पलटणींतले पुष्कळ शिपाई अवध आणि दोआबकडचे. पुरभय्ये, राजपूत, मुसलमान, दक्षिणेतले स्वार, वर युरोपीय आणि मिश्र रक्ताचे अंमलदार. तीन तपकिरी छटा मिसळून ठेव आणि गटातल्या नऊ जणांना तीन-तीन वाटून टाक. कंपूतले लोक "आपली फौज" म्हणतात ते बरोबरच आहे, पण ती फौज आपल्यासारखी दिसत नव्हती.

कपड्यांचा अंदाज डोळ्यांत बसवायचा असेल तर दिल्लीच्या फ्रेझर बंधूंनी 1815 नंतरच्या काही वर्षांत देशी चितारींकडून काढून घेतलेली शिपायांची आणि गावकऱ्यांची चित्रं बघ. ती दहा-पंधरा वर्षं पुढची आहेत, तरी पगड्या कशा बांधायचे, शेला कुठे खोचायचे हे त्यांत अचूक दिसतं. ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी 1809 मध्ये दौलतरावांच्या छावणीत राहिला होता, त्याच्या छापील पत्रांतही रंगीत चित्रं आहेत. आणि जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात एक दुपार घालव, तिथल्या तलवारी बघ. मूठ आणि पातं यांच्या रंगात किती फरक असतो ते फोटोत कळत नाही.

तू पत्रात तोफांचा शब्दही काढला नाहीस, आणि असई म्हणजे तर तोफाच. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाने शिंद्यांसाठी तोफा ओतल्या, आणि त्या इंग्रजांच्या तोफांना तोडीस तोड होत्या. लढाईनंतर 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, त्यावरून पसारा लक्षात घे. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. इंग्रजांची फळी अंगावरून पुढे गेली तेव्हा त्यातले काही मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, आणि मग उठून त्यांनी त्याच तोफा फिरवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. त्या तोफा परत घ्यायला इंग्रजांना मागे वळावं लागलं. तुझ्या नियमांत याची सोय नसेल तर आतेभावाशी आधीच बोलून ठेव: तोफ पडली तरी फाशाचा एक आकडा आला तर गोलंदाज पुन्हा उठतो. तो कुरकुरेल, पण इतिहास तुझ्या बाजूने आहे.

म्हणून तुझा हात जिथे सगळ्यात चांगला चालेल ती जागा म्हणजे हे सोळा गोलंदाज. पलटणींवर वाचवलेला वेळ इथे खर्च कर. तोफेला आधी गडद तपकिरी, वर पितळी, मग तपकिरी वॉश, मग कडांवर पुन्हा पितळी. तोंडाशी आणि बत्ती द्यायच्या छिद्राशी काजळी हवी, काळ्याची कोरडी पूड बोटाने चोळलीस तरी चालेल. गाड्याचं लाकूड करडं पडलेलं, चाकांना चिखल. एक-दोन गोलंदाज तोफेखाली आडवे मिळाले तर घे. नाही मिळाले तर उभ्यातलाच एक कापून आडवा कर, धातू मऊ असतो.

फिगरखालच्या बेसवर वाळू चिकटवून पिवळी रंगवू नकोस. हिंदुस्थान म्हटलं की वाळवंट, हा परदेशी पुस्तकांचा खाक्या. असई जालना जिल्ह्यात भोकरदनकडे, जमीन काळी, आणि सप्टेंबरची अखेर म्हणजे पावसाळा नुकताच सरत आलेला. काळपट तपकिरी माती, वर फिका तपकिरी ड्रायब्रश, आणि हिरवं गवत भरपूर.

आजीचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटतं: जेवायचं टेबल सोड. फिगरच्या मिश्रधातूत शिसं असू शकतं. पाकिटावर शिसं नाही असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आहे असंच धर. कानशीने सांधे घासतोस तो भुगा पोळीच्या ताटाशेजारी पडता कामा नये. घासताना तोंडाला धूळ अडवणारा मास्क लाव, खाली वर्तमानपत्र अंथर, ते गुंडाळून टाक आणि हात साबणाने धू. स्प्रे गच्चीवर. तुझ्या खोलीत एक पाट आणि टेबललॅम्प पुरतो.

बाहुल्यांचं म्हणशील, तर पुण्याला आत्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला होत असेलच, आणि त्यावर मातीचे मावळे मांडताना आजीने कधी कुणाला घोडा म्हटलेलं नसणार. वाद घालू नकोस, तिला कामाला लाव. पणजोबांचा शिंदेशाही पगडीतला एखादा फोटो घरात असेल तर तो काढायला सांग आणि पगडीचं टोक कुठल्या बाजूला झुकतं, ते असं का, हे तिला विचार. सरदाराच्या फिगरची पगडी तिच्यासमोर रंगव. ती चुका काढेल. काढू दे, बहुतेक बरोबरच असतील.

पैसे देऊन रंगवून घेण्यात लाज काहीच नाही, पुष्कळ लोक घेतात. पण आत्ता दिलंस तर दिवाळीपर्यंत हातात पडेलच असं नाही, आणि दुसऱ्याच्या हाताची पलटण तुझ्या चौदांशेजारी परकी दिसेल. उरलेल्या शहाऐंशी फिगर डब्यात राहू देत. पुढच्या वर्षी दुसरं टोक मांडा. किंवा त्यापेक्षा बरं, 29 डिसेंबर 1843 ची महाराजपूरची लढाई घ्या. ती तर आपल्या दाराशी झाली.

प्रवासाचं आत्ताच बघून ठेव. झेलमने जा नाहीतर गोवा एक्सप्रेसने, फौज सामानाच्या बोगीत द्यायची नाही, उशाशी ठेवायची. प्रत्येक बेसखाली छोटं चुंबक चिकटव आणि बिस्किटांचे पत्र्याचे चपटे डबे जमव. फिगर जागची हलत नाही आणि रंगाला रंग घासत नाही. शेवटचं वार्निश निघण्याच्या किमान दोन दिवस आधी, नाहीतर डब्यात एकमेकांना चिकटतील. भाले आणि संगिनी तरीही वाटेत वाकतील. त्या बोटांनीच हळू सरळ करायच्या, पकडीने नव्हे. तुटलीच एखादी तर फेवीक्विकची नळी आणि तो लाल, पितळी आणि काळा रंग थोडा थोडा सोबत असू दे.